मॅडमना रक्त दिलं होतं

नाना, वहिनी, सर, हॉस्पिटलमधले माझे सहकारी आणि मॅडमच्या कॉलनीतले सगळे शेजारी, तुम्ही कामाच्या दिवशी वेळ काढून आलात. नोटा छापणाऱ्या प्रेसमधली मंडळी ड्यूटी संपवून थेट इकडे आली आहेत, ते दिसतंय. बसायला जागा नाही म्हणून कितीतरी जण मागे उभे आहेत. मॅडम असत्या तर त्यांनी आधी खुर्च्या मागवल्या असत्या आणि मग बोलायला सुरुवात केली असती.

मला बोलणं अवघड जाणार आहे. म्हणून मी लिहून आणलंय. मध्येच थांबले तर मला थोडा वेळ द्या, मी परत सुरू करीन.

माझं नाव रोहिणी. मी अहिरराव मॅडमबरोबर हृदयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. 'करत होते' असं म्हणायला हवं, पण काम मी अजूनही करते. मॅडम नाहीत, एवढंच. हृदयाचं ऑपरेशन करताना पुष्कळदा हृदय थांबवावं लागतं. तेवढा वेळ हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम एक मशीन करतं. ते मशीन मी चालवते. माझं गाव पेठकडे, डोंगरात. आई-बाबा द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे यायचे, म्हणून मी इकडच्या शाळेत शिकले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. मी थिएटरमध्ये आले तेव्हा मला पुस्तकातलं सगळं येत होतं आणि पेशंटसमोर काहीच सुचत नव्हतं. सुचायला मॅडमनी शिकवलं, म्हणून सांगते.

मॅडम काय काम करायच्या, हे कॉलनीतल्या सगळ्यांना नीट माहीत नसेल. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर, एवढंच ठाऊक असेल. त्यांच्या शेजारच्या काकूंनी त्यांना एकदा विचारलं होतं, "पेशंट झोपला की मग तुम्ही काय करता हो? चहा पिता?" मॅडम म्हणाल्या, "तो उठेल की नाही, याची काळजी करत बसते." काकू, तुम्ही समोरच बसला आहात. हा किस्सा त्यांनी थिएटरमध्ये आम्हाला कितीदा सांगितला असेल!

आता मी ज्यासाठी उभी राहिले ते सांगते.

मॅडम गेल्यापासून एक बोलणं सगळीकडे चालू आहे. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आहे, कॉलनीत आहे, सटाण्याला मॅडमच्या भावाच्या, नानांच्या घरी आहे. ते बोलणं असं, की जन्मभर दुसऱ्यांना रक्त चढवू न देणारी बाई शेवटी रक्तावाचून गेली. तिच्याच माणसांनी तिला रक्त दिलं नाही. भाऊ गाडीभर माणसं घेऊन आला होता, त्यालाही परत पाठवलं.

हे माझ्या घरापर्यंत पोचलं. माझ्या बाबांनी मला जेवता जेवता विचारलं, "रगात नाय दिलं का गं बाईला?" मी ताटावरून उठले. मला बाबांचा राग आला नव्हता. मला एवढंच कळलं, की हे असंच सोडून दिलं तर हेच खरं होऊन बसेल.

म्हणून आज सकाळी मी नानांकडे गेले. एखाद्या पेशंटला काय झालं, हे चारचौघांत सांगायचं नसतं. मॅडम त्याबाबतीत फार कडक होत्या. मी नानांना विचारलं, आमच्या सर्जन सरांनाही विचारलं. सर हो म्हणाले.  नाना म्हणाले, "सांग सगळं. काही दाबून ठेवू नको."

तर ऐका. मॅडमना रक्त दिलं होतं. लागेल तेवढं दिलं होतं. त्यांचं रक्त थांबलंही होतं.

पण हे एवढ्यावर सोडलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. त्यासाठी मॅडम काम कशा करायच्या, ते आधी सांगायला हवं.

शरीराबाहेर आलेलं रक्त साकळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. बोट कापलं तर थोड्या वेळात थांबतं, ते त्यामुळेच. पण माझ्या मशीनच्या नळ्यांमधून रक्त फिरवायचं असेल तर ते साकळून चालत नाही. नळीत एक गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, तर माणूस संपला. म्हणून मशीन सुरू करायच्या आधी पेशंटला हेपारिन नावाचं औषध देतात. मग रक्त साकळत नाही. ऑपरेशन झालं, मशीन बंद केलं, की त्याच्यावरचा उतारा देतात, आणि रक्ताला परत साकळायला लावतात. म्हणजे आम्हीच आधी ते बिघडवतो आणि आम्हीच दुरुस्त करतो. मधल्या वेळात छाती उघडी असते, शरीर थंड केलेलं असतं, जागोजागी टाके असतात. रक्त येणारच. प्रश्न असतो, ते येतंय कुठून?

मॅडम सटाण्याच्या. एरवी आमच्याशी अगदी शहरी मराठी बोलायच्या. पण उतारा देऊन झाला आणि तरीही छातीत रक्त भरत राहिलं, की त्यांच्या तोंडून अहिराणी यायची. "रगत कोठून येई ऱ्हायनं?" रक्त कुठून येतंय? पहिल्या आठवड्यात मला वाटलं त्या मला विचारताहेत. मी घाबरून मशीनकडे बघायला लागले. त्या सगळ्यांना विचारत असायच्या. सरांना, नर्सना, मला, स्वतःला.

हा प्रश्न साधा वाटतो. पण सगळं त्यावर असतं. एखाद्या टाक्यातून रक्त येत असेल तर कितीही पिशव्या चढवा, ते तिथून बाहेरच येणार. तिथे टाका घालावा लागतो. आणि टाके सगळे ठीक असतील, तरी जिकडून तिकडून रक्त झिरपत असेल, तर रक्तात साकळायची ताकदच उरलेली नाही. तिथे टाका घालून काय होणार? तिथे रक्तातला जो भाग कमी पडलाय तो द्यावा लागतो. दोन्हीकडे रक्त दिसायला सारखंच लाल असतं. घाबरलेला माणूस दोन्हीकडे एकच गोष्ट करतो. पिशव्या मागवतो.

डॉक्टर निखिल, मी तुमचं नाव घेते, रागावू नका. तुम्ही नवीन होतात. छातीत रक्त भरलं आणि तुम्ही म्हणालात, "मॅडम, दोन पिशव्या मागवू?" मॅडम म्हणाल्या, "कुणासाठी? पेशंटसाठी की तुझ्यासाठी?" मग त्या सरांकडे वळल्या. सर म्हणाले, "माझ्याकडे बघू नका. माझे टाके पक्के आहेत." मॅडम म्हणाल्या, "तुमचे पक्के असतील हो. पण मागच्या बाजूचा एकदा बघा ना." सर कुरकुरले. बघितला. मागच्या बाजूला एका टाक्याशेजारून बारीक धार होती. एक टाका घातला. थांबलं. सर म्हणाले, "तो टाका घालताना मला शिंक आली होती." मॅडम म्हणाल्या, "तेव्हा पेशंटच्या नातेवाइकांना सांगा, सर्दीमुळे उशीर झाला."

आणि दुसरी बाजूही सांगते, कारण लोक ती विसरलेत. मॅडम रक्त द्यायला नाही म्हणायच्या, असं नाही. एकदा एका पेशंटचं ब्लड प्रेशर माझ्या डोळ्यांसमोर खाली आलं. रक्ताची धार लागली होती. मी विचारायला तोंड उघडलं, "मॅडम, कुठून..." त्या ओरडल्या, "आधी रक्त दे, मग शोध!" एका हाताने पिशवी दाबत होत्या, दुसऱ्या हाताने फोन धरून ब्लड बँकेला अजून पाठवायला सांगत होत्या. पेशंट वाचला. नंतर मला म्हणाल्या, "प्रश्न विचारायला माणूस जिवंत लागतो."

रक्त हे औषध आहे, असं त्या मानायच्या. लागलं तर लगेच. नाही लागलं तर एक थेंबही नाही. कारण दुसऱ्याचं रक्त अंगात जाणं ही साधी गोष्ट नाही. त्याने ताप येतो, फुप्फुसांना त्रास होतो, जंतुसंसर्ग वाढतो. हे लोकांना पटवून देणं कठीण जायचं. आपल्याकडे रक्त चढवलं म्हणजे ताकद आली. माझ्या घरीही तेच मानतात.

चांदवडचे एक कांद्याचे शेतकरी होते. त्यांच्या बायकोच्या हृदयाची झडप बदलली. भावकीतले सगळे रक्त देऊन बसले होते. ऑपरेशन झाल्यावर मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, रक्त लागलं नाही. तिचं सांडलेलं रक्त मशीनने धुऊन तिलाच परत दिलं. ते गृहस्थ उठून उभे राहिले. "म्हंजी आमचं रगात चाललं नाय का?" मॅडम म्हणाल्या, "चाललं ना. दुसऱ्या कुणाच्या तरी बाईला जाईल. चालेल का?" त्यांनी विचार केला आणि विचारलं, "कोणाच्या बाईला?" त्यांची बायको आत शुद्धीवर येत होती आणि बाहेर हे चौकशी करत होते. मॅडम खो खो हसल्या. मग त्यांच्याशेजारी बाकावर बसून त्यांना सगळं समजावून सांगितलं. उभ्याउभ्या कधी सांगायच्या नाहीत.

मॅडमकडे एक काचेची नळी असायची. साधी, चाचणीची. आमच्याकडे रक्त साकळायला किती वेळ लागतो ते मोजणारी चांगली यंत्रं आहेत. ती आकडे देतात, आणि आम्ही आकड्यांवरच चालतो. मॅडमसुद्धा आकड्यांवरच चालायच्या. पण त्याबरोबर पेशंटचं थोडं रक्त त्या नळीत घ्यायच्या, नळी मुठीत धरून ऊब द्यायच्या, आणि थोड्या थोड्या वेळाने तिरकी करून बघायच्या. वाहतंय की धरलंय? मी पहिल्यांदा ते बघितलं आणि न राहवून म्हणाले, "मॅडम, आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात साप चावलेल्या माणसाचं रक्त असंच बघतात." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी बक्षीस मिळवून आले आहे. "म्हणजे तू शिकूनच आलीस की गं," म्हणाल्या. पुढे नवीन कुणी आलं की नळी माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "ही दाखवेल."

आता त्या दिवसाचं सांगते.

सकाळी घरी असताना मॅडमच्या पाठीत दुखायला लागलं. दोन्ही खांद्यांच्या मध्ये. त्यांनी स्वतःच ओळखलं. शेजारच्या काकूंच्या मुलाने गाडीतून आणलं. स्कॅन झाला. हृदयातून निघणारी जी मुख्य रक्तवाहिनी असते, महाधमनी, तिचा आतला पदर फाटला होता. आणि तो फाटत फाटत खाली पोटापर्यंत गेला होता. असं झालं की रक्त भलत्याच पदरातून वाहायला लागतं. कुठल्या अवयवाला पोचतं, कुठल्याला पोचत नाही. लगेच ऑपरेशन करावं लागतं. आमच्या कामात सगळ्यात जास्त रक्तस्राव होणारं ऑपरेशन हेच.

सर ऑपरेशन करणार होते. भूल डॉक्टर निखिल देणार होते. मशीनवर मी. आमच्यातला प्रत्येक जण मॅडमच्या हाताखाली तयार झालेला. त्या दिवशी त्या टेबलावर होत्या.

ट्रॉलीवरून आत आणताना मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी विचारलं, "मशीनवर कोण आहे?" मी म्हणाले, "मी आहे." त्या म्हणाल्या, "बरं." मी सांगितलं, "मॅडम, नाना आलेत. गाडीभर माणसं घेऊन आलेत. खाली ब्लड बँकेत आहेत." त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "नानाचं रक्त मला लावू नका."

मी म्हणाले, "हो मॅडम."

"का लावायचं नाही?"

 त्या एवढ्या दुखण्यात माझी परीक्षा घेत होत्या.

"सांग ना. का नाही?"

मी सांगितलं. आता तुम्हालाही सांगते. नाना, खरं तर तुम्हालाच सांगते.

ऑपरेशननंतर आयसीयूच्या बाहेर तुम्ही मला अडवलंत. हाताला कापूस लावलेला होता. तुम्ही मला विचारलंत, "मना रगतमा काय खोट शे?" माझ्या रक्तात काय खोट आहे? ब्लड बँकेतल्या माणसाने तुम्हाला फक्त एवढंच सांगितलं होतं, की तुमचं रक्त त्यांना लागणार नाही. तो कामात होता. मी पण घाईत होते. मी म्हणाले, "खोट काही नाही, नाना," आणि आत गेले. तेवढ्याने तुमचं समाधान झालं नाही, आणि ते होणारही नव्हतं.

आपण सगळे असं धरून चालतो, की आपल्या माणसाला आपल्याच माणसाचं रक्त सगळ्यात चांगलं. सख्ख्या भावाचं तर फारच चांगलं. हे उलटं आहे. परक्याचं रक्त आलं की शरीर त्यातल्या पांढऱ्या पेशींना ओळखतं. हे आपले नाहीत, म्हणून त्यांना संपवून टाकतं. सख्ख्या भावाच्या पेशी पुष्कळ अंशी बहिणीसारख्याच असतात. शरीर फसतं. आपलेच समजून त्यांना राहू देतं. पण त्या पेशींना ते शरीर परकं वाटू शकतं. मग त्या आतून हल्ला करतात. असं क्वचित होतं, पण झालं तर माणूस वाचणं फार कठीण. ते टाळायला त्या रक्तावर किरणांची प्रक्रिया करावी लागते. शिवाय कुठलंही रक्त तपासल्याशिवाय देता येत नाही, आणि तपासायला वेळ लागतो. मॅडमकडे वेळ नव्हता. आणि ब्लड बँकेत त्यांच्या गटाचं तपासलेलं रक्त तयार होतं.

म्हणून नाना, तुमच्या रक्तात खोट नव्हती. ते तिच्या रक्ताच्या फार जवळचं होतं, म्हणून नको होतं.

मी हे ट्रॉलीजवळ उभी राहून मॅडमना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "पास."

ऑपरेशन लांबलं. शरीर खूप थंड करावं लागलं. सरांनी फाटलेला भाग काढून तिथे कृत्रिम नळी जोडली. मग मी मॅडमना हळूहळू गरम केलं आणि मशीनवरून काढलं. उतारा दिला. आणि जे व्हायची भीती होती तेच झालं. रक्त थांबेना. टाक्यांतून, हाडाच्या कडेतून, सुया टोचलेल्या जागांमधून, सगळीकडून झिरपायला लागलं.

 आणि मग डॉक्टर निखिलनी विचारलं, "रगत कोठून येई ऱ्हायनं?" ते मूळचे पुण्याचे. त्यांचं अहिराणी ऐकून एरवी आम्ही हसलो असतो.

सरांनी एकेक टाका बघितला. धार कुठेही नव्हती. यंत्राचे आकडे आले, रक्तात साकळायची ताकद फार थोडी उरली होती. मी नळी बघितली. पाण्यासारखं वाहत होतं. मग जे द्यायला हवं होतं ते दिलं. प्लाझ्मा दिला. प्लेटलेट दिल्या. गुठळी घट्ट धरून ठेवणारा जो भाग असतो तो दिला. लाल पेशींच्या पिशव्या दिल्या, एकामागून एक, गरम करून. ब्लड बँकेने एकदाही नाही म्हटलं नाही. कुणीही, एका क्षणालाही, मॅडमना रक्त द्यायला हात आखडता घेतला नाही. आणि थोड्या वेळाने नळी तिरकी केली तेव्हा रक्त जागचं हललं नाही. सरांनी छातीत ठेवलेली गॉजची पट्टी काढली. ती जवळजवळ कोरडी होती. छाती बंद केली. मॅडम थिएटरमधून बाहेर आल्या तेव्हा त्यांना रक्तस्राव होत नव्हता.

ते रक्त कुणाचं होतं? मला माहीत नाही, आणि माहीत असायलाही नको. त्या आठवड्यात नाशिकमध्ये ज्यांनी कुणी रक्त दिलं, त्यांचं होतं. कदाचित त्यातलं कुणी आता या हॉलमध्ये बसलं असेल. तुमचे आभार मानायला माझ्याकडे तुमचं नाव नाही. म्हणून सगळ्यांचेच मानते.

मग मॅडम गेल्या कशाने?

सकाळी पदर फाटला तेव्हाच आतड्यांकडे जाणारा रस्ता बंद झाला होता. ऑपरेशनने तो मोकळा केला, पण तोपर्यंत आतड्याचा मोठा भाग मेला होता. मूत्रपिंडंही बंद पडली. आयसीयूमध्ये आम्ही सगळं केलं. पोटही उघडून बघितलं. वाचवण्यासारखं उरलं नव्हतं. अंगात रक्त होतं. ते तिथे वेळेवर पोचलं नव्हतं. यात कुणाची चूक नाही. मी शोधली. खरंच शोधली. एखादी चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं, कारण मग पुढच्या वेळी ती टाळता आली असती.

आता हॉस्पिटलच्या माझ्या सहकाऱ्यांसाठी दोन शब्द. आपण सगळे हे बोलणं ऐकून घाबरलो आहोत. मॅडम गेल्यानंतर पहिल्याच बायपासला कुणीही काही बघायच्या आधी पिशव्या लावून ठेवल्या गेल्या. मी कुणाचं नाव घेत नाही. तो पेशंट बरा आहे. पण त्याला त्या पिशव्या लागत होत्या का, हे आपण विचारलंच नाही. उद्या कुणी आपल्याला बोल लावू नये म्हणून आपण एका माणसाच्या अंगात परकं रक्त घातलं. हे मॅडमना चाललं असतं का? मॅडमच्या फोटोला हार घालायचा आणि थिएटरमध्ये त्यांना जे चालत नव्हतं तेच करायचं, हे मला जमणार नाही. मी वयाने लहान आहे, शिक्षणानेही तुमच्यापेक्षा कमी आहे. तरी प्रत्येक ऑपरेशनला मी तो प्रश्न विचारणार आहे. मला अहिराणी येत नाही, चुकीच्या उच्चारात विचारीन. सर, तुम्हाला कंटाळा आला तरी विचारीन.

मी लिहून आणलेलं इथे संपलं.

पण आत्ता सभा सुरू व्हायच्या आधी दारात नानांनी माझा हात धरला. त्यांनी विचारलं, "तिले कळनं का, मी येल व्हतू?" तिला कळलं का, मी आलो होतो ते? तेवढ्यात मला पुढे बोलावलं. मला उत्तर देता आलं नाही. आता देते. हे कागदावर नाही.

कळलं होतं, नाना. मी सांगितलं होतं. मी उत्तर दिल्यावर त्या 'पास' म्हणाल्या, ते मी मघाशी सांगितलं. त्याच्यापुढेही त्या बोलल्या होत्या. डॉक्टर निखिल भुलीचं औषध भरत होते, ते साक्षीदार आहेत. मॅडमनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी नाही म्हटलं तरी नाना रक्त देणारच. ऐकायचा नाही तो. देऊ दे, कुणाच्या तरी कामी येईल. पण सटाण्याहून आलीत सगळी, आधी त्यांना काहीतरी खायला घाला. उपाशीपोटी कुणी द्यायचं नाही. आणि नानाला दिल्यावर तिथेच बसवून ठेवा. लगेच उठतो तो, आणि चक्कर येऊन पडतो. कॉलेजात असताना पडला होता. त्याला म्हणावं, आक्काने सांगितलंय, उठायचं नाही."

त्यानंतर त्यांना भूल दिली. मी मशीनजवळ गेले. हा निरोप तुमच्यापर्यंत न्यायला मला बाहेर येता आलं नाही. नंतर आपण समोर आलो ते रागात आणि रडण्यात. म्हणून तो आज पोचतोय.

नाना, तुम्ही दिलेलं रक्त तपासून पुढे गेलं आहे. कुणाला गेलं ते मला ठाऊक नाही. एवढं माहीत आहे, की ती पिशवी आता ब्लड बँकेत नाही.

आपण सगळे मॅडमसाठी उभे राहू या, आणि थोडा वेळ शांत राहू या.

नाना, तुम्ही नाही. तुम्ही बसून राहा.